चष्मेवालीच्या रक्तातला अनोळखी माणूस

१

इंजेक्शन टोचायला जेमतेम तासभर उरला होता. चष्मेवाली, म्हणजे चष्म्यांचं दुकान चालवणारी पेशंट, खाटेवर बसून नर्सच्या चष्म्याची वाकडी दांडी सरळ करून देत होती, तिची आई खिडकीपाशी उभी होती, आणि प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर, म्हणजे सर, हातमोजे चढवत होते. तेवढ्यात प्रयोगशाळेचे हिशोब संगणकावर करणारी गणितवाली जिना चढून धापा टाकत आली आणि दारातूनच म्हणाली, "सर, ते देऊ नका. आपण तपासलेलं रक्त बाईंचं नाहीच. ते कुणातरी पुरुषाचं आहे."

हा प्रसंग मला चौघांनी वेगवेगळं भेटून सांगितला आणि चौघांनी अगदी सारखा सांगितला. माझ्या धंद्यात असं फार क्वचित घडतं. लोक खोटं बोलत असतात तेव्हा तपशील नीट बसवून सांगतात, आणि खरं बोलत असतात तेव्हा एकमेकांना खोडून काढतात. इथे सगळे एवढे हादरलेले होते की कुणाला काही बसवायचं सुचलंच नव्हतं.

मी त्या संशोधन संस्थेत चौकशीचं काम करते. आधी बरीच वर्षं विमा कंपनीसाठी खोटे दावे पकडत होते. जिवंत माणसांची प्रेतं मी पाहिली आहेत आणि जळालेल्या दुकानांतला न जळलेला मालही. संस्थेत मला चौकशीबाई म्हणतात, आधी पाठीमागे म्हणायचे, आता तोंडावरही म्हणतात. मी संशयी आहे अशी तक्रार आहे. पण मला संशय घेण्यासाठीच ठेवलंय, गाणी म्हणायला नाही.

सरांनी मला त्यांच्या खोलीत बसवून सगळं समजावलं. पहिल्या दमात मला एक अक्षर कळलं नाही, तेव्हा मी त्यांना म्हटलं की मी तुमची परीक्षा घेणारी नाही, शेजारीण आहे असं समजून सांगा. मग ते माणसासारखं बोलले.

शरीरातली प्रत्येक पेशी आपल्या पोटात काय शिजतंय त्याचे बारीक तुकडे दारात मांडून ठेवते. ज्यावर मांडते त्याला शास्त्रात लांबलचक नाव आहे, पण इथे सगळे त्याला ताटल्या म्हणतात. रक्तातल्या पहारेकरी पेशी दारोदार फिरून या ताटल्या हुंगतात. एखाद्या ताटलीत घरचं नसलेलं काही दिसलं की त्या पेशीचा निकाल लावतात. कर्करोगाची पेशी बिघडलेली असते, तेव्हा तिच्या ताटलीत काहीतरी वेगळं असतंच, पण पहारेकऱ्यांचं तिकडे लक्ष जात नाही. म्हणून संगणकाने गाठीतले बिघाड शोधायचे, त्यातले कुठले तुकडे ताटलीत बसतील आणि पहारेकऱ्यांच्या डोळ्यांत भरतील याचा अंदाज बांधायचा, आणि त्याच तुकड्यांचं इंजेक्शन बनवायचं. चोराचा फोटो पोलिसांच्या हातात द्यावा, तसं.

"आणि बिघाड कुठला हे संगणकाला कसं कळतं?" मी विचारलं.

"त्याच माणसाच्या रक्ताशी ताडून बघतो. जे गाठीत आहे आणि रक्तात नाही, तो बिघाड."

म्हणजे एवढा सगळा डोलारा रक्त त्याच माणसाचं असण्यावर उभा होता. आणि ते तसं नव्हतं.

चष्मेवालीला कातडीचा कर्करोग होता आणि तो फुप्फुसात उतरला होता. नेहमीचे सगळे उपचार करून झाले होते. संस्थेच्या समितीने सकाळीच सांगून टाकलं होतं की कुणी आणि का रक्त बदललं हे कळेपर्यंत सरांच्या प्रयोगशाळेतून एकही इंजेक्शन बाहेर पडणार नाही. सर मला दारापर्यंत सोडायला आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही सावकाश चौकशी केलीत तर गुन्हेगार सापडेल, पण टोचायला बाई राहणार नाहीत."

२

गणितवाली तळघरात बसते. तिथे थंडगार खोलीत संगणक सतत घरघरत असतात आणि ती उन्हाळ्यातही स्वेटर घालून असते. पोरगी हुशार, काटकुळी, केसांत पेन्सिल खोवलेली. मी समोर बसले तशी तिने नखं खायला सुरुवात केली.

मी विचारलं की समोर बाई आणि रक्त पुरुषाचं, हे कळायला एवढे दिवस का लागले. तिने दिलेलं उत्तर ऐकून मला कपाळाला हात लावावासा वाटला. या लोकांची पद्धत अशी, की स्त्री की पुरुष हे ठरवणारी जी गुणसूत्रं असतात ती पहिल्याच पायरीला बाजूला काढून टाकायची. ती ठेवली तर हिशोबात घोळ होतो आणि मशीनलाही जास्त वेळ लागतो. म्हणजे जगातली सगळ्यात सोपी गोष्ट हे लोक बघतच नव्हते. पण ती नव्या पद्धतीची चाचणी घेत होती, त्यात काढून टाकायचं राहून गेलं, आणि चष्मेवालीच्या रक्तात पुरुषाचं गुणसूत्र निघालं.

"पण नमुन्यांची अदलाबदल झाली का, हे तुम्ही तपासत नाही?"

"तपासतो ना. ताटल्या जुळवतो." मग तिने सांगितलं की ताटल्यांचे हजारो प्रकार असतात आणि प्रत्येकाकडे त्यातले मोजकेच असतात, निम्मे आईकडून, निम्मे वडिलांकडून. दोन परक्या माणसांच्या सगळ्या ताटल्या जुळणं जवळपास अशक्य. म्हणून इथला शिरस्ता असा, की गाठीच्या आणि रक्ताच्या ताटल्या जुळल्या की माणूस तोच. पुढे कुणी काही बघत नाही.

"मग या वेळी जुळल्या नव्हत्या का?"

तिचा चेहरा उतरला. "जुळल्या होत्या. सगळ्याच्या सगळ्या. म्हणून तर मला भीती वाटतेय. रक्त परक्या पुरुषाचं असेल तर ताटल्या जुळणारच नाहीत. म्हणजे नळी तर बदललीच, वर कुणीतरी संगणकात हात घालून निकालही बदलला."

संगणकात हात घालू शकणारी माणसं किती, असं मी विचारलं.

"दोन," ती म्हणाली. "सर आणि मी."

मला तिचं कौतुक वाटलं. स्वतःला फाशीच्या दोराखाली उभं करताना तिने पापणीही लवू दिली नाही. सख्ख्या भावाच्या ताटल्या जुळू शकतात, चार भावंडांत साधारण एखाद्याच्या जुळतात, असंही तिने आपणहून सांगितलं. पण चष्मेवाली एकुलती एक होती. पहिल्या भेटीत प्रत्येक रुग्णाला भावंडांबद्दल विचारतात, आणि ती उत्तर देत असताना तिची आई शेजारीच बसलेली होती.

आणखी एक गोष्ट ती जाता जाता बोलली. सर्रास सगळ्या माणसांत आढळणारे फरक गाळूनसुद्धा चष्मेवालीच्या गाठीत बिघाडांचा नुसता सुकाळ निघाला होता. कातडीच्या कर्करोगात तसे ते जास्तच असतात. एवढे तुकडे मिळाले म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

३

रक्त काढणारा सुईवाला जिन्याच्या पायरीवर बसलेला सापडला. त्याला त्या दिवसापासून घरी बसायला सांगितलं होतं, पण तो घरी बसत नव्हता, जिन्यावर बसत होता. गोलमटोल माणूस, हात लोण्यासारखे मऊ. त्याने सुई टोचली तर कळतही नाही, म्हणून लोक त्याची सुट्टी संपायची वाट बघतात.

तो म्हणाला की माझं रक्त घ्या, माझ्या दोन्ही भावांचं घ्या, हवं तर सासऱ्यांचंही घ्या, ते तसेही माझं रक्त पितातच. मी त्याचं रक्त घ्यायला लावलं. ते त्या पुरुषाचं नव्हतं. नळीवर चिठ्ठी तो रुग्णासमोरच लावतो, रुग्णाला वाचायला लावतो आणि मगच सुई उचलतो. चष्मेवालीने चिठ्ठी चष्म्याच्या वरून आणि खालून, दोन्हीकडून वाचून दाखवली होती म्हणे.

"आजी होत्या का तेव्हा खोलीत?" मी विचारलं. चष्मेवालीच्या आईला तिथे सगळे आजी म्हणत.

"छे. रक्त काढताना आजी कायम बाहेर जातात. नाही बघवत त्यांना." मग तो म्हणाला, "गंमत बघा, गाठ काढलेल्या जागेचं ड्रेसिंग करायचो तेव्हा मात्र खुशाल शेजारी उभ्या राहायच्या. टाके, पू, सगळं बघायच्या. फक्त रक्त काढताना जायच्या."

मी ते ऐकून घेतलं. अशा वेळी मी फार विचार करत बसत नाही, ऐकलेलं डोक्यात कुठेतरी पडून राहू देते.

सरांवर माझा खरा डोळा होता. मोठ्या परिषदेत त्यांचं भाषण ठरलेलं होतं आणि त्यात चष्मेवालीची केस मिरवायची होती. बिघाड जितके जास्त तितकी टाळी मोठी. मी त्यांना हे तोंडावर सांगितलं. ते इतके चकित झाले की रागवायचंही विसरले. "मी माझ्या पेशंटला परक्याच्या रक्तावरून बनवलेलं औषध टोचीन? तुम्हाला कळतंय का तुम्ही काय म्हणताय?"

मला कळत होतं. विम्याच्या धंद्यात मी बापाला मुलाच्या मरणाचं सोंग करताना पाहिलंय. पण सर खोटं बोलत असतील तर त्यांनी संशोधन सोडून रंगभूमीवर जायला हवं होतं. मी विचारलं की मग बाईच मुळात काही वेगळ्या घडणीची असेल का, दिसायला बाई आणि गुणसूत्रं पुरुषाची, असं असतं म्हणतात. त्यांनी मान हलवली. गाठीतल्या कर्करोगाच्या पेशी त्यांनी वेगळ्या तपासल्या होत्या, त्या चोख स्त्रीच्या होत्या. गाठ आणि रक्त ही दोन वेगवेगळी माणसं होती, त्यात शंका नव्हती.

४

चष्मेवालीचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत आहे. भिंतभर चष्मे, प्रत्येकाखाली छोटा आरसा. तिथे बसलं की आपलंच तोंड चहूबाजूंनी आपल्याकडे बघतं, त्यामुळे खोटं बोलायला जागा चांगली नाही.

तिला खोकला लागत होता, तरी हसत होती. "चाळिशी उलटली, एक पुरुष आयुष्यात टिकला नाही," ती म्हणाली, "आणि हा रक्तात कधी येऊन राहिला?"

चष्म्यांच्या नादाला कशी लागलीस, असं मी सहज विचारलं. तिला कॉलेजात असतानाच मोतीबिंदू झाला होता, दोन्ही डोळ्यांना. डॉक्टर चक्रावले होते. ऑपरेशन झाल्यावर फळ्यावरचं पहिल्यांदा स्वच्छ दिसलं आणि तिने ठरवलं की आता हेच काम करायचं. लहानपणी काही आजार वगैरे झाला होता का, असं मी विचारलं, तर तिच्या आईने आतून बाहेर येत तिच्या आधी उत्तर दिलं.

"काही नाही. दणकट होती."

"दणकट कसली, आई? मला अशक्तपणा होता म्हणून शाळेत वर्षभर उशिरा घातलं, असं तूच सांगायचीस ना?"

आजी चहा उतू जाईल म्हणून आत गेल्या. चहा आधीच टेबलावर होता.

मी माझ्यासोबत दुसऱ्या दवाखान्यातली नर्स आणली होती. तिने माझ्या डोळ्यांदेखत चष्मेवालीच्या दंडातून रक्त काढलं. आजी मागच्या दाराने अंगणात निघून गेल्या. नळी मी स्वतःच्या हातात धरली आणि कुणालाही हात लावू न देता बाहेरच्या प्रयोगशाळेत नेऊन दिली, जिथल्या लोकांनी सरांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. ताटल्यांचा मेळही गाठीच्या तुकड्याशी तिथेच बसवायला सांगितला. आता फसवायला कुणाचा बाप आला तरी जागा नाही, असं म्हणून मी निवांत झोपले.

५

निकाल आला. रक्त पुरुषाचंच होतं. तोच पुरुष. ताटल्या पुन्हा सगळ्याच्या सगळ्या जुळत होत्या.

मी तळघरात गेले आणि कागद गणितवालीपुढे ठेवला. तिने तो दोनदा वाचला. मग काही न बोलता संगणकाकडे वळली आणि गाठीची माहिती पुन्हा उघडली, या वेळी काहीही काढून न टाकता. मी तिच्या खांद्यावरून बघत होते, कळत काही नव्हतं. तिचा हात एकदम थांबला.

"गाठीतसुद्धा तो आहे," ती म्हणाली. "अगदी थोडा. पण आहे."

ती गाठ दुसऱ्या हॉस्पिटलात कापली होती, कित्येक आठवड्यांपूर्वी, वेगळ्या सर्जनने. सुईवाला तिथे नव्हता, सर नव्हते, गणितवाली नव्हती. इतकी वर्षं मी माणसांचे हात शोधत आले. इथे हात कुणाचाच नव्हता, आणि तरी एक अनोळखी पुरुष त्या बाईच्या रक्तात होता, गाठीत होता.

मी खुर्चीत बसले आणि माझ्या जुन्या पद्धतीने विचार केला. कुलूप शाबूत आहे, खिडक्या बंद आहेत, आणि तरी घरात माणूस सापडतो. मग तो बाहेरून आलेलाच नाही. तो आधीपासून तिथेच राहतो.

"गाठीत रक्त कसं शिरलं?" मी विचारलं.

"शिरतंच. पहारेकरी पेशी गाठीच्या आत जातात, थोड्याफार. म्हणजे गाठीतला तो पुरुष म्हणजे पहारेकरीच असणार."

"आणि हे पहारेकरी जन्माला कुठे येतात?"

"हाडांच्या आत. मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत. सगळ्या रक्ताचं मूळ तिथेच..." केसांतली पेन्सिल काढून तिने टेबलावर ठेवली. माझ्याही डोक्यात पडून राहिलेलं एकेक वर येत होतं. अशक्तपणा आणि शाळेतलं ते वाया गेलेलं वर्ष. कोवळ्या वयातला मोतीबिंदू. जखम बघू शकणारी पण मुलीचं रक्त बघू न शकणारी आई.

पुढचं गणितवालीने सांगितलं, अडखळत. लहान मुलाला रक्ताचा कर्करोग झाला तर त्याच्या हाडांतला मगज किरणांनी पार जाळून टाकतात आणि दुसऱ्या कुणाचा तरी घालतात. मग त्या मुलाच्या अंगात जन्मभर त्या दुसऱ्याचं रक्त तयार होतं. त्या किरणांनी डोळ्यांत मोतीबिंदू होऊ शकतो, पुष्कळ वर्षांनी नवा कर्करोगही होऊ शकतो. आणि मगज देणारा शोधताना पहिल्यांदा सख्खी भावंडं बघतात, कारण ताटल्या त्यांच्याच जुळतात.

"पण तिला भाऊ नाही," मी म्हटलं.

"आत्ता नाही," गणितवाली म्हणाली.

मग ती एकदम उभी राहिली. "बाई, ते इंजेक्शन," ती म्हणाली. "आपण जे बिघाड म्हणून काढले, त्यातले बहुतेक बिघाड नव्हतेच. तो आणि ती जिथे वेगळे आहेत, ते सगळं त्यात होतं. तिच्या काळजात आणि कातडीत, अंगभर जे तिचं आहे ते. आपण भावाच्या पहारेकऱ्यांना शिकवणार होतो की बहीण परकी आहे, तिला मारा."

प्रयोगशाळेत कुणीही वाईट वागलं नव्हतं, कुणी खोटं बोललं नव्हतं, सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं होतं, आणि ती बाई तासाभराच्या फरकाने वाचली होती.

६

हे आधी रुग्णालाच सांगायचं, असं सरांनी ठरवलं आणि ते बरोबर होतं. पण ते काम आलं माझ्याकडे. मी दुकानात बसून तिला सगळं सांगितलं. ती पहिल्यांदा हसली. मग तिच्या लक्षात आलं की मी हसत नाहीये. तिने समोरचा आरसा पालथा घातला आणि हाक मारली, "आई, बाहेर ये."

आजी आल्या. माझ्याकडे बघून त्यांनी ओळखलं. इतकी वर्षं त्या कुणीतरी येऊन विचारायची वाट बघत असाव्यात, कारण नाकारण्याचा प्रयत्नसुद्धा त्यांनी केला नाही. खुर्ची ओढून बसल्या आणि जमिनीकडे बघून बोलू लागल्या.

मुलगी तीन वर्षांची होती, मुलगा आठ वर्षांचा. मुलीचं रक्त नासलं होतं, डॉक्टरांनी आशा सोडली होती. नवीन उपाय होता, आणि भावाचं जुळत होतं. त्याच्या कमरेच्या हाडातून मगज काढायचा, भूल देऊन, दुसऱ्या दिवशी घरी. वडील तयार नव्हते. आजींनी हट्ट धरला.

"तो घाबरला होता," त्या म्हणाल्या. "त्याला सुईची फार भीती. आदल्या दिवशी पलंगाखाली जाऊन बसला. मी त्याला ओढून काढला. सांगितलं, काही होत नाही, झोपून उठशील तेवढ्यात संपेल." त्यांनी पदर तोंडाशी नेला. "मगज काढून झाला. तिला चढवला. तो उठलाच नाही. भूल सोसली नाही म्हणाले. ती जगली."

मला वाटलं होतं की मी तयार आहे. नव्हते. मी भिंतीवरच्या चष्म्यांकडे बघत बसले.

पुढचं थोडक्यात होतं. नातेवाईक तीन वर्षांच्या पोरीकडे बोट दाखवून कुजबुजायला लागले, हिच्यापायी तो गेला. तेव्हा नवरा-बायकोने गाव सोडलं, फोटो जाळले, हॉस्पिटलचे कागदही जाळले. मुलीच्या डोक्यावर हे ओझं नको, म्हणून तिला एकुलती एक करून टाकलं. या वेळी डॉक्टरांनी जुन्या आजाराबद्दल विचारलं तेव्हाही आजी गप्प राहिल्या. जुन्या आजाराचा आणि आताच्या गाठीचा काही संबंध असेल असं त्यांना वाटलंच नाही. त्यांच्या गप्प राहण्याने दुसरं मूलही जाणार होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. पण त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांना ते कळलं.

चष्मेवाली इतका वेळ हलली नव्हती. तिने एकच प्रश्न विचारला. "त्याला कुणी विचारलं होतं का, देशील का म्हणून?"

"नाही," आजी म्हणाल्या. "आठ वर्षांच्या पोराला काय विचारायचं?"

चष्मेवाली उठून आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. आम्हाला तिच्या खोकल्याचा आवाज येत होता. आजींनी दारावर दोनदा हात ठेवला, पण वाजवलं नाही.

७

समितीला मी सांगितलं की गुन्हा घडलेला नाही आणि गुन्हेगारही नाही, आणि का, ते एका ओळीत सांगितलं. ते माझ्याकडे वेड लागल्यासारखे बघत राहिले. मग गणितवालीने तासभर त्यांना समजावलं आणि त्यांनी प्रयोगशाळेचं कुलूप काढलं. सुईवाला जिन्यावरून उठून कामावर गेला.

खरी अडचण वेगळीच होती. चष्मेवाली यायला तयार नव्हती. सरांचा फोन ती उचलत नव्हती, आईशी बोलत नव्हती. शेवटी गणितवाली दुकानात जाऊन बसली. काय बोलणं झालं ते तिने मला सांगितलं नाही, एवढंच सांगितलं की तिने नवा चष्मा विकत घेतला, गरज नसताना. दुसऱ्या दिवशी चष्मेवाली आली आणि दंडाच्या आतल्या बाजूचा कातडीचा बारीक तुकडा काढू दिला. त्यातल्या पेशी वाढवून, रक्ताचा अंशही राहणार नाही अशा रीतीने धुवून, गाठीची तुलना त्यांच्याशी केली. या वेळी कुणी काही काढून टाकलं नाही. निघालेले बिघाड अगदी थोडे होते, आधीच्या मानाने ओंजळभर. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ताटल्या दोघांच्या सारख्या असल्यामुळे ते तुकडे भावाच्या पहारेकऱ्यांना दिसणार होते, असं संगणकाचं म्हणणं होतं. संगणकाच्या म्हणण्यावर आता आमच्यापैकी कुणीच डोळे मिटून विश्वास ठेवत नव्हतं. प्रत्येक तुकडा गणितवालीने आणि सरांनी वेगवेगळा बसून पुन्हा तपासला.

टोचायच्या दिवशी दुपारी मी तिथे गेले. माझं काम नव्हतं, पण पाय वळले. चष्मेवाली फार वाळली होती. आजी तिच्याबरोबर आल्या होत्या, एका गाडीतून, पण दोघींच्या मधे एक खुर्ची रिकामी होती. सुईवाला सुई घेऊन उभा राहिला तशा आजी नेहमीच्या सवयीने दाराकडे निघाल्या.

"थांब," चष्मेवाली म्हणाली. "आज जायचं नाही."

आजी थांबल्या. सरांनी नियमाप्रमाणे विचारलं की हे नवं इंजेक्शन आहे, गुण येईलच असं नाही, उलटंही होऊ शकतं, तुमची संमती आहे का.

"माझी आहे," ती म्हणाली. "पण काम त्याला करायचंय. त्याला मागे कुणी विचारलं नव्हतं. मला विचारू द्या."

तिने डोळे मिटले आणि एक हात दुसऱ्या हाताच्या मनगटावर, नाडीवर ठेवला. सर शास्त्रज्ञ माणूस, पण तेही मान खाली घालून उभे राहिले. हे असलं काही मला पटत नाही, आणि तरी त्या खोलीत मी उत्तराची वाट बघत होते.

बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले. आईचा हात धरून तिला जवळ ओढलं आणि तिची बोटं आपल्या मनगटावर नेऊन ठेवली.

"आई, बघ," ती म्हणाली. "तो घाबरलेला नाहीये."

मग तिने बाही वर केली.